वाकलेल्या बोटासाठी एन्झाइमचं इंजेक्शन: त्यासाठी थांबावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचे बाबा ६८ वर्षांचे, बडोद्यात दांडिया बाजारात राहतात. उजव्या हाताची अनामिका दोनेक वर्षांपासून तळहाताकडे वाकत चालली आहे, आता करंगळीही ओढली जातेय. दुखत काही नाही. बारा वर्षांचा मधुमेह आहे, हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि त्यांची खरी तक्रार तीच आहे: बोट पट्टीवर सरळ पडत नाही. एका डॉक्टरांनी ‘ड्युपुट्रेन’ असं नाव सांगितलं आणि सुजेसाठी एन्झाइमच्या गोळ्या दिल्या. न्यू जर्सीतला तुमचा भाऊ म्हणतो, अमेरिकेत यावर एन्झाइमचं इंजेक्शन मिळतं, ऑपरेशन लागत नाही. बाबा मे महिन्यात येतील तेव्हा देऊ, किंवा मीच औषध घेऊन येतो. तोवर थांबावं का?

मी बडोद्यातच हाताच्या शस्त्रक्रिया करतो. परदेशात मुलं असलेल्या घरांतून हा प्रश्न मला वरचेवर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजेक्शन खरं आहे, काम करतं. पण ते जे काम करतं तेच काम इथे साध्या सुईने होतं, आणि बाबांच्या हाताचं पुढे काय होणार हे औषधापेक्षा कोणता सांधा वाकलाय आणि किती दिवसांपासून वाकलाय यावर जास्त ठरणार आहे. त्यामुळे मेची वाट बघण्याऐवजी या आठवड्यात एकदा हात नीट तपासून घ्या.

तपासणीपासूनच सुरुवात करू, कारण वाकलेलं बोट घेऊन येणाऱ्या सगळ्यांनाच ड्युपुट्रेन, म्हणजे तळहाताच्या कातडीखालच्या पडद्यात दोर तयार होऊन बोट ओढलं जाण्याचा आजार, नसतो. उलट आपल्याकडे तो तसा कमीच दिसतो. उत्तर युरोपातल्या लोकांत खूप, आपल्यात थोडा, आणि आपल्यात दिसतो तो बऱ्याचदा मधुमेह असलेल्यांत. तुम्ही घरीच एवढं करून पाहा. बाबांना हात सैल सोडायला सांगा आणि दुसऱ्या हाताने ते बोट हलकेच सरळ करा. सरळ झालं तर हा आजार नाही, दुसरं काहीतरी आहे. सकाळी उठल्यावर बोट अडकलेलं असतं, जोर लावला की ‘टक्’ करून सुटतं आणि तळहातात बोटाच्या मुळाशी दुखतं, अशी गोष्ट असेल तर तो ट्रिगर फिंगर. तोही मधुमेहींत फार. त्यालाही इंजेक्शन असतं, पण ते स्टिरॉइडचं, टेंडनच्या (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या कंडऱ्याच्या) म्यानात द्यायचं. दोन्हीकडे ‘इंजेक्शनने बोट सरळ होतं’ असंच लोक सांगतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. एकाला लागू पडलेलं ऐकून दुसरा येतो.

करंगळी आणि अनामिका दोन्ही वाकलेल्या आहेत, दुसऱ्या हाताने सहज सरळ होतात, पण करंगळीच्या बाजूला स्पर्श कळत नाही, चहाचा गरम कप लागलेला समजत नाही, अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खोल गेलाय: असं चित्र दिसलं तर कृपा करून एक दिवसही घालवू नका. कोपराच्या मागून जाणारी नस खराब झाल्याची ती खूण आहे, आणि आपल्या देशात त्याचं एक महत्त्वाचं कारण अजूनही कुष्ठरोग आहे. अंगावर एखादा फिकट, बधिर चट्टा आहे का ते पाहा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आणि नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ते बऱ्याचदा भरून येतं. हे निदान लाजेपोटी मागे पडतं याचं मला फार वाईट वाटतं. हात वाचवायची वेळ तेव्हाच असते.

बडोद्यात आणखी एक प्रकार दिसतो, तो म्हणजे मांजाने कापलेलं बोट. उत्तरायणाला बोटाच्या पुढच्या बाजूला खोल चीर पडते, कुणीतरी नुसती कातडी शिवतं, आणि वर्षभराने तो व्रण आखडून बोट वाकतं. तिथे एन्झाइमचा काही उपयोग नाही. आणि सगळीच बोटं थोडी थोडी ताठ झाली असतील, हातावरची कातडी जाड, मेणासारखी लागत असेल, नमस्कार करताना दोन्ही तळवे पूर्ण टेकत नसतील, तर तो मधुमेहाने सांधे आखडण्याचा प्रकार. तो ड्युपुट्रेनच्या जोडीनेही असू शकतो. तुमच्या बाबांच्या बाबतीत मी हे नक्की पाहीन, कारण तसं असेल तर दोर तोडल्यावरही बोट अपेक्षेइतकं उघडणार नाही, आणि हे आधी सांगितलेलं बरं.

आता खरा ड्युपुट्रेन कसा लागतो ते सांगतो. तळहाताच्या कातडीखाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा एक पातळ, चिवट पडदा असतो. कातडी घट्ट धरून ठेवणं हे त्याचं काम. त्यामुळेच वस्तू मुठीत धरल्यावर तळहाताची कातडी सरकत नाही. या आजारात त्या पडद्यातल्या काही पेशी आकुंचन पावणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, जादा कोलॅजन तयार करतात आणि ओढत राहतात. आधी अनामिकेच्या रेषेत तळहातावर एक गाठ येते. लोकांना ती घट्टा वाटते. मग कातडीला खळी पडते, आणि पुढे गाठीपासून बोटाकडे जाणारा एक दोर बनतो. तुमचं बोट त्यावर आडवं फिरवा: बाबांचं बोट जरा ताणून धरलं की तो कडक होतो, सतारीच्या तारेसारखा हाताला लागतो. ही शीर किंवा टेंडन आखडलेली नसते. टेंडन त्याच्या खाली, आपल्या म्यानात, अगदी धडधाकट असते. म्हणून मूठ पूर्ण वळते, पकड चांगली राहते, अडचण येते ती हात उघडताना. तोंड धुताना बोट डोळ्यात जातं, खिशात हात घालताना अडकतं, हातमोजा चढत नाही. आणि पेटीवर हात फाकत नाही.

घरातली आणखी एक चाचणी: टेबलावर तळहात पालथा, सपाट ठेवायला सांगा. हात सपाट टेकत असेल तर आत्ता काहीही करायचं नाही, फक्त दर सहा महिन्यांनी पाहायचं. टेकत नसेल तर उपचाराचा विचार करायची वेळ आली. साधारण नियम असा: बोटाच्या मुळाचा सांधा ३० अंश किंवा त्याहून जास्त वाकला की उपचार, आणि बोटाच्या मधल्या पेराचा सांधा वाकू लागला की थोडं वाकलेलं असतानाच. नुसत्या गाठीवर मी काही करत नाही. गाठ काढून टाका असा आग्रह अनेक जण धरतात. पण गाठ कित्येक वर्षं तशीच राहू शकते आणि विनाकारण कापाकापी केली तर हात उगाच ताठतो.

हे दोन सांधे नीट वेगळे ओळखा, कारण सगळं त्यांच्यावर आहे. मूठ वळली की वर जी गाठवजा हाडं दिसतात तो मुळाचा सांधा. तो महिनोन्‌महिने वाकलेला राहिला तरी दोर तुटल्यावर बहुतेक वेळा सरळ होतो. त्याच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, वाकलेल्या स्थितीत ताणलेलेच राहतात, आखडत नाहीत. मधल्या पेराच्या सांध्याचं उलट आहे. तो वाकलेला राहिला की त्याचं स्वतःचं आवरण आखडतं, आणि मग दोर तोडला, कापला, विरघळवला, काहीही केलं तरी सांधा पूर्ण उघडत नाही. करंगळीचा मधला सांधा यात सगळ्यांत हट्टी. तुम्ही लिहिलंय की करंगळी ‘आता ओढली जातेय’. ती कोणत्या सांध्यात, हे मला तुमच्या मजकुरातून कळत नाही, आणि फोटोवरूनही नीट कळत नाही. ती मधल्या पेरात वाकत असेल तर मेपर्यंतचे महिने फुकट घालवण्यासारखे नाहीत.

आता त्या इंजेक्शनबद्दल. औषधाचं नाव कोलॅजिनेज. क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम नावाच्या जिवाणूपासून मिळणाऱ्या दोन एन्झाइमांचं ते मिश्रण आहे. अमेरिकेत फेब्रुवारी २०१० मध्ये ‘झायाफ्लेक्स’ या नावाने त्याला परवानगी मिळाली. ते कोलॅजन तोडतं. दोर कोलॅजनचाच, म्हणून दोर कमजोर होतो. नसा आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं कोलॅजन वेगळ्या प्रकारचं असतं, त्यावर याचा फारसा परिणाम होत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. टेंडन मात्र दोराच्या कोलॅजनसारख्याच कोलॅजनचं असतं. औषध दोराऐवजी टेंडनमध्ये गेलं तर टेंडन तुटू शकतं, आणि तसं घडलेलंही आहे. म्हणून हे औषध दंडावर टोचायच्या इंजेक्शनसारखं कुणीही द्यायचं नसतं.

एका वेळचा डोस असतो ०.५८ मिलिग्रॅम. मुळाच्या सांध्यासाठी तो पाव मिलिलिटर द्रवात, दोराच्या आत, जवळजवळच्या तीन ठिकाणी टोचतात. करंगळीच्या मधल्या सांध्यासाठी सुई २ ते ३ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायची नाही असा स्पष्ट नियम आहे. त्या पातळीवर टेंडन इतकं जवळ असतं. रुग्ण हाताला पट्टी बांधून घरी जातो. २४ ते ७२ तासांनी परत बोलावतात, भूल देऊन बोट ताणतात, आणि तेव्हा दोर तुटतो. हा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. एन्झाइम दोर विरघळवून नाहीसा करत नाही, तो फक्त मऊ करतं. तोडायचं काम डॉक्टरांचा हातच करतो. नंतर हात चांगलाच सुजतो, तळहात काळानिळा पडतो, काखेत गाठी दुखतात, खाज येते. बोट खूप वाकलेलं असेल तर ताणताना कातडी फाटू शकते. ती ड्रेसिंगवर दोनेक आठवड्यांत भरते. चार महिन्यांपर्यंत रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी लावावी लागते. एका दोराला गरज पडल्यास चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा देता येतं.

गुण किती? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मुख्य चाचणीत ३०८ रुग्ण होते. एन्झाइम मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा सांधा जवळपास पूर्ण सरळ झाला. एन्झाइम नसलेलं नुसतं द्रव टोचलेल्यांत हेच प्रमाण ७ टक्क्यांच्या आत. पण आकडे सांध्यानुसार वेगळे करून पाहिले की मुळाच्या सांध्यात सुमारे ७७ टक्के आणि मधल्या सांध्यात ४०. वर जे सांगितलं तेच पुन्हा दिसतं. आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा यशस्वी झालेल्या सांध्यांपैकी ४७ टक्के पुन्हा निदान २० अंश तरी वाकले होते.

याच औषधाची ब्रिटनमध्ये ऑपरेशनशी तुलना झाली, निष्कर्ष २०२४ मध्ये आले: वर्षभरानंतर हाताच्या वापराच्या बाबतीत एन्झाइम ऑपरेशनच्या तोडीचं ठरलं नाही. त्याच वर्षी फिनलंडमधून सुई, एन्झाइम आणि ऑपरेशन या तिघांची तुलना आली. तीन महिन्यांनी तिघांचे निकाल जवळपास सारखे, दोन वर्षांनी ऑपरेशन पुढे. तोवर हे औषध युरोपात मिळेनासंही झालं होतं. २०२० मध्ये ते तिथल्या बाजारातून काढून घेतलं गेलं. कारण व्यापारी होतं, औषध धोकादायक ठरलं म्हणून नव्हे. म्हणजे लंडन-पॅरिसमधले हाताचे सर्जनही आज तेच करतात जे आपण बडोद्यात करतो: सुई किंवा सुरी.

भावाने औषध सोबत आणण्याचा विचार मात्र मनातून पूर्ण काढून टाका. ते दुकानातून विकत घ्यायचं औषध नाही, तिथेही ते प्रशिक्षित डॉक्टरच्या दवाखान्यातच दिलं जातं. ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं, आणि न्यूअर्कहून बॅगेत घालून उन्हाळ्यात बडोद्यापर्यंत ते तसं राहिलं याची खात्री कोण देणार? इथला कुणी ‘मी टोचून देतो’ म्हणाला तरी नाही म्हणा. खर्चाचंही बघा. एका कुपीची किंमत काही हजार डॉलर आहे, आणि पाहुणे म्हणून जाणाऱ्या आई-वडिलांसाठी जो विमा काढतात तो आधीपासून असलेल्या आजाराचे पैसे बहुधा देत नाही. भावाने हे तिकीट काढण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

आता इथे काय करता येतं. अनामिका मुळाच्या सांध्यात वाकलेली असेल आणि दोर तळहातात स्पष्ट लागत असेल, तर बाबांसाठी माझी पहिली पसंती सुईला राहील. कल्पना जुनीच आहे. लंडनचे ॲस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये बारीक टोकदार हत्याराने कातडीखालचा हा पट्टा तोडता येईल असं लिहून ठेवलं होतं. पॅरिसच्या ड्युपुट्रेन यांनी उघडं ऑपरेशन केलं ते १८३१ मध्ये, आणि आजाराला नाव त्यांचं मिळालं.

सुईचं काम असं चालतं. रुग्ण पडलेला, तळहात वर. दोर जिथे उठून दिसतो आणि त्यावरची कातडी चिकटलेली नाही अशा जागा मी पेनाने खुणावतो, शक्यतो तळहातातच. तिथे भुलीचं औषध फक्त कातडीत, अगदी थोडं देतो. जास्त दिलं तर बोटाचं टोक बधिर होईल, आणि ते मला जागं हवं असतं. सुई आत गेली की सांगतो, ‘बाबा, बोटाचं टोक हलवा.’ सुई डोलली तर ती टेंडनमध्ये आहे, लगेच मागे. डोलली नाही तर सुईच्या टोकाने दोराचे तंतू आडवे तोडत जायचं. चिवट कापड टोकरल्यासारखं हाताला जाणवतं. मध्येच बोटात करंट गेल्यासारखं वाटलं की रुग्णाने ताबडतोब सांगायचं, कारण नस शेजारी आहे. बोटाच्या आत शिरलेला दोर कधीकधी नसेला आपल्या जागेवरून ओढून कातडीच्या लगत आणतो, म्हणून तिथे मी सुई फार जपून वापरतो, आणि अनेकदा वापरतच नाही. शेवटी बोट हळूहळू ताणायचं. ‘कट्’ असा आवाज येतो, खोलीत उभ्या असलेल्या मुलांनाही ऐकू येतो. घाबरून जाऊ नका. तो दोर तुटल्याचा आवाज असतो. सगळं होऊन रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

सुईची उणी बाजू पुन्हा वाकण्याची. नेदरलँड्समधल्या २०१२ च्या अभ्यासात पाच वर्षांनी सुईच्या गटात सुमारे ८५ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, ऑपरेशनच्या गटात सुमारे २१ टक्क्यांना. आकडा ऐकून धक्का बसतो हे मला ठाऊक आहे, तरीही ६८ वर्षांच्या, मधुमेही, ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसाला मी आधी सुईच सुचवतो. पुन्हा वाकलं तर पुन्हा सुई करता येते, ऑपरेशनचा मार्गही बंद होत नाही, आणि मधल्या काळात हात वापरता येतो. तुमचे बाबा ४५ चे असते आणि दोन्ही हातांना झपाट्याने पसरणारा आजार असता तर मी वेगळं बोललो असतो.

करंगळीचा मधला सांधा वाकला असेल तर गोष्ट ऑपरेशनकडे झुकते. त्यात तळहातापासून बोटापर्यंत नागमोडी छेद घेतात, नसा आणि रक्तवाहिन्या एकेक करून सोडवतात आणि रोगट दोर काढून टाकतात. हात बधिर करून करता येतं, पूर्ण भूल लागतेच असं नाही. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, आणि पुढे दीड ते तीन महिने फिजिओथेरपी. मधुमेहींत जखम भरायला वेळ लागतो, हात ताठण्याचा धोका जास्त, म्हणून साखर आधी काबूत आणतो. एक दिलासा असा की मधुमेहासोबत येणारा हा आजार सहसा सौम्य असतो, गाठी जास्त आणि वाक कमी.

ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीही ते थांबवत नाही. रक्त पातळ करणारी दुसरी एखादी गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगा. अमेरिकेत एन्झाइम देतानाही हा प्रश्न पहिल्यांदा विचारतात.

त्या एन्झाइमच्या गोळ्यांबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलं नाही, तरी सांगतो. ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन किंवा सेराशिओपेप्टिडेज अशा नावांच्या त्या असतात, सूज उतरावी म्हणून देतात. एन्झाइम हा शब्द सोडला तर त्यांचा आणि त्या इंजेक्शनचा संबंध नाही. पोटातून घेतलेली गोळी तळहातातला दोर तोडू शकत नाही. बाबांच्या हाताला सूज नाही, दुखत नाही. मग त्या कशासाठी घ्यायच्या ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. तेल लावून चोळणं, गरम पाण्याचा शेक, बोट रोज ओढून ताणणं यांनी दोर मोकळा होत नाही. चोळून बरं वाटत असेल तर चोळा, पण जोरजोराने ताणू नका. आणि बाबांनी आयुष्यभर पेटी वाजवली म्हणून हे झालं असं कुणी म्हणालं तर त्यांना तो दोष लावून घेऊ देऊ नका. हा आजार मोठ्या प्रमाणात अनुवंशिक आहे. वय, मधुमेह, सिगारेट, दारू यांचा हात लागतो. पेटीचा नाही. तुम्ही आणि तुमचा भाऊ यांनीही पन्नाशीनंतर आपापले तळहात अधूनमधून पाहत जा.

उपचार कोणताही घ्या, एन्झाइम, सुई किंवा ऑपरेशन, त्यानंतरची रात्रीची पट्टी आणि दिवसातून अनेकदा बोट पूर्ण उघडण्या-मिटण्याचा व्यायाम यावर मी फार भर देतो. व्यायाम फक्त उघडण्याचा करू नका. उघडण्याच्या नादात मूठ ताठ झाली तर बाबा जे आज करू शकतात तेही जाईल. पट्टी कुठल्याही दुकानातली नको, बोटाच्या मापाची बनवून घ्या आणि दर दोन आठवड्यांनी तपासून घ्या. पट्टीखाली कातडी लाल पडली आणि मधुमेहामुळे जाणवली नाही तर जखम होते.

या आठवड्यात एवढं करा. हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जनना दाखवा; खासगीत जायचं नसेल तर सयाजी हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक ओपीडीत जा. सोबत चालू गोळ्यांची पट्टी न्या, गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए-वन-सी रिपोर्ट न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी सरळ विचारा: कोणता सांधा किती अंश वाकलाय, दोर तळहातात आहे की बोटात, आणि तुम्ही स्वतः सुईचं काम करता का. अंश कागदावर लिहून घ्या, दोन्ही बोटांचे, तारखेसकट. तोच कागद न्यू जर्सीला भावाला पाठवा; तिथल्या सर्जननाही पहिल्यांदा हेच लागेल. दोन्ही बोटं फक्त मुळाच्या सांध्यात, ३० अंशांच्या आत वाकलेली निघाली तर बाबांनी खुशाल मेमध्ये अमेरिकेला जावं, परत आल्यावर पाहू. मधला सांधा वाकलेला निघाला तर जाण्याआधी उपचार उरकून घ्या, आणि किमान सहा आठवडे हातात राहतील अशी तारीख धरा.

पेटीचं म्हणाल तर, सुईनंतर टोचलेल्या जागा सुकल्या की आठवड्याभरात बाबा पेटीवर बसू शकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं नुसते सपाट अलंकार, मग भजन. ऑपरेशन झालं तर टाके निघेपर्यंत पेटी बंद, नंतर फिजिओथेरपिस्टला ती व्यायाम म्हणूनच लिहून द्यायला सांगा. माझ्याकडच्या वाजवणाऱ्या रुग्णांना मी पहिल्या भेटीला वाद्य सोबत आणायला सांगतो, कारण बोट नेमकं कुठे अडतं ते पट्टीवर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. तुम्हीही पेटी घेऊन जा.